काळ्यावर काळं

जावाजावांचं पटत नाही असं लोक म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. ज्या जावांना एकमेकींचं तोंड रोज बघावं लागत नाही, त्यांचं अगदी छान पटतं. या दोघींची अडचण एवढीच होती, की एकतीस वर्षं त्या एकाच खिडकीपाशी, एकाच लांबट टेबलाच्या दोन टोकांना, समोरासमोर बसून रफू करत होत्या.

खोली दुकानाच्या वर होती. खाली कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायचं दुकान. तिथे थोरलीचा नवरा काउंटरवर बसायचा आणि धाकटीचा नवरा मागे वाफेच्या इस्त्रीशी झटापट करायचा. सिगारेटने जळलेली बाही, कसर लागलेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली पँट असं काही आलं, की ते चिठ्ठी टाचून लाकडी जिन्याने वर यायचं आणि दोन-तीन दिवसांनी, जसं काही झालंच नव्हतं अशा थाटात खाली जायचं.

थोरलीला गल्लीतले लोक भिंगबाई म्हणत. कामाला बसली की ती चष्मा काढून मांडीवर ठेवायची आणि कापड नाकापासून अर्ध्या वितीवर धरायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई कापड हुंगतेय. हुंगत नव्हती, धागे मोजत होती.

लहानपणापासूनच तिचं लांबचं अधू. शाळेत फळा दिसायचा नाही, पण तसं सांगायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. फळा सगळ्यांनाच असा धुरकट दिसतो आणि बाकीची मुलं हुशार म्हणून ओळखतात, अशी तिची समजूत. चष्मा लागेपर्यंत 'ढ' हा शिक्का बसून वाळलाही होता. शाळा सुटली आणि मावशीने हातात सुई दिली. पहिल्याच आठवड्यात मावशीच्या ध्यानात आलं, की आपल्याला भिंगातून दिसत नाहीत ते धागे ही पोर नुसत्या डोळ्यांनी मोजून दाखवते. ज्या डोळ्यांपायी आठ वर्षं टपल्या खाल्ल्या, त्याच डोळ्यांनी पुढे तिला मान मिळवून दिला. त्यांचा तिला गर्व होता, आणि का नसावा? गर्व करण्यासारखं दुसरं तिच्यापाशी फारसं नव्हतंच. रूप बेताचं, स्वभाव त्याहून बेताचा. मूलबाळ झालं नाही. नवरा चांगला होता, पण नवरा चांगला निघणं यात आपलं कर्तृत्व काय? लग्न ठरवायला तो आला तेव्हा खोलीच्या त्या टोकाला बसला होता आणि हिने चष्मा लपवून ठेवलेला, त्यामुळे हिला नुसता एक तपकिरी डाग दिसला. चहा द्यायला जवळ गेली तेव्हा दिसलं ते त्याच्या कोपरावरचं रफू. भयंकर होतं. याला आपली गरज आहे, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं आणि होकार दिला.

तिची कामाची रीत सोपी होती, म्हणजे सांगायला सोपी. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे उसवून काढायचे, भोकावर आधी उभे ताणायचे, मग कापडाची वीण असेल तसे त्यांच्यातून आडवे घालत जायचे. पांढऱ्यावर पांढरं कुणीही करील. काळ्यावर काळं करणं हे खरं काम. तिथे धागा असा दिसतच नाही, त्याच्यावरची चमक तेवढी दिसते, आणि तीही कापड डोळ्याला भिडवलं तरच. काम झालं की ती कोट खाली नेऊन गिऱ्हाइकापुढे टाकायची आणि एकच शब्द बोलायची, "शोधा." गिऱ्हाईक उजेडाशी जायचं, कापड उलटंसुलटं करायचं आणि शेवटी हसून नाद सोडायचं. भोक सापडलं तर काम पुन्हा करून द्यायचं, हा त्या खोलीचा नियम. थोरलीवर ती पाळी एकदाही आली नव्हती.

धाकटीवर यायची. ती या घरात आली तेव्हा तिला सुई धरता येत नव्हती, थोरलीनेच शिकवलं. हसतमुख बाई, तोंडाची टकळी दिवसभर चालू. हात बरा होता, पण चाळिशी लागली आणि नाकावर जवळचा चष्मा आला. मग कामं आपसूक वाटली गेली. काळं, गडद निळं, बारीक विणीचं ते थोरलीकडे. स्वेटर, चौकडीचं, फिकट रंगाचं ते धाकटीकडे. धाकटीचं काम झालं की थोरली त्यावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "चालेल." छान हा शब्द तिने कधी वापरला नाही. वापरला असता तर जीभ झडली नसती, पण नाही वापरला.

साठीच्या आसपास दोघींच्याही डोळ्यांत मोतीबिंदू आला. थोरलीला आधी जाणवलं, कारण काळ्यातली चमक नाहीशी व्हायला लागली. पण कबूल कोण करणार? तिने आधी दिवा बदलून घेतला. मग खिडकीच्या काचा पुसून घेतल्या. मग गिरणीवाले हल्ली कापडच वाईट विणतात म्हणून नवऱ्यावर खेकसली. नाचता येईना अंगण वाकडं. धाकटी मात्र "मला बाई दिसत नाही" असं बोलून मोकळी झाली आणि दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं उरकून आली.

तिथून पेटलं.

धाकटी परत आली ती बिनचष्म्याची. लांबचा नाही, जवळचा नाही, कुठलाच नाही. नव्या तऱ्हेचं भिंग बसवलं होतं म्हणे, लांबचं, मधलं, जवळचं सगळं एकातच. टेबलाशी बसली, सुई उचलली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला. थोरलीला तोवर तीन-तीन झटके लागायला लागले होते.

"जाऊबाई," धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "समोरच्या गच्चीवर कुणीतरी लाल बादली विसरलंय."

थोरलीने चष्मा चढवून पाहिलं. तिला गच्चीसुद्धा धड दिसेना.

"कडी तुटलीय तिची," धाकटी पुढे म्हणाली.

ती बादली थोरलीच्या डोक्यात गेली. बंगल्यांत राहणाऱ्यांचा, मोटारी उडवणाऱ्यांचा तिला जन्मात कधी हेवा वाटला नव्हता. हेवा करायला माणूस जवळचं लागतं. रोज समोर बसणारं लागतं, आणि आपणच त्याला सुई धरायला शिकवलेलं असलं तर मग बघायलाच नको. धाकटी बसच्या पाट्या वाचायची, समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या पेपरातले मथळे वाचायची, जिन्यातून वर येणाऱ्याला "तुमच्या कॉलरचं बटण सुटलंय" म्हणायची. थोरली मान खाली घालून सुई ओढत राहायची. गिऱ्हाइकं धाकटीचे डोळे बघायला जिना चढून यायला लागली. चष्मा गेला म्हणे? दोन्ही? पूर्ण? इतक्या वर्षांत थोरलीचं काम बघायला कुणी वर आलं नव्हतं, कारण तिचं काम बघण्यासारखं नसण्यातच त्याचं मोल होतं. आणि एक दिवस नवरा बोलून गेला, "हिचा चेहरा किती मोकळा वाटतो नाही चष्म्याशिवाय?" त्या दिवशी त्याच्या चहात साखर पडली नाही. त्यानेही का म्हणून विचारलं नाही. जुना नवरा होता.

एका गोष्टीचा अर्थ तिने उलटा लावला. धाकटी गडद कापडाला आता अजिबात हात लावत नव्हती. गडद तपकिरी पँटसुद्धा "हे तुमचंच" म्हणून टेबलावरून सरकवायची. थोरलीला वाटलं, मान देतेय. त्या दिवसांत तिला तेवढंच एक बरं वाटायचं.

उजवा डोळा फारच धुरकटला, तेव्हा ती ऑपरेशनला तयार झाली. सोबत धाकटीच गेली, कारण तिथल्या खोल्या आणि रांगा तिच्या पायाखालच्या. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई सावकाश बोलणाऱ्या होत्या. यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून त्यांनी थोरलीचे डोळे मोजले, आकडे बघितले आणि खुर्ची पुढे ओढली.

"तुमचा लांबचा नंबर खूप मोठा आहे. म्हणजे चष्मा काढला की जवळचं अगदी बारीक दिसत असणार, हो ना?"

"दिसतं."

"अशी सवय असेल तर मी सहसा एकाच अंतराचं भिंग सुचवते, जवळचं. जवळचं स्वच्छ दिसेल. लांबसाठी चष्मा लावायचा, आत्ता लावता तसाच, फक्त पातळ."

थोरलीला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की धाकटीचा चष्मा गेला आणि आपला राहणार.

"हिला कुठलं घातलंत?" तिने शेजारी बोट दाखवलं.

"त्यांचं वेगळं. त्यात उजेड वाटला जातो, थोडा लांबसाठी, थोडा जवळसाठी. रोजच्या वापराला चांगलं आहे. पण अंधार पडला की दिव्यांभोवती कडी दिसतात. एकसारख्या रंगांतला बारीक फरक थोडा कमी कळतो. आणि तुमची ही नाकाजवळची नजर जाईल. जवळचं दिसेल ते दीड-दोन वितींवर, सगळ्यांना दिसतं तसं. एकदा बसवल्यावर बदलणं सोपं नसतं, म्हणून बारीक काम करणाऱ्यांना मी ते नको म्हणते. तुम्ही काय काम करता?"

थोरली म्हणजे काही भोळी नव्हती. खरं सांगितलं तर धाकटीचं भिंग आपल्याला मिळणार नाही, एवढं तिला बरोबर कळलं.

"घरीच असते," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं, आणखी काही सांगायचंय का अशा अर्थाने. धाकटी मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत होती. जिचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नाही, तिने चकार शब्द काढला नाही.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी थोरली चपला न काढता जिना चढून थेट खिडकीशी गेली. बादली होती. लाल होती. कडी तुटलेली होती. "दिसली," ती म्हणाली, आणि कित्येक महिन्यांत निवला नव्हता तो तिचा जीव निवला.

पुढचे काही दिवस मौजेचे गेले. ज्या भिंती ती पिवळट समजत होती त्या पांढऱ्या निघाल्या. नवऱ्याच्या कानांत केस होते. आरशात एक म्हातारी होती.

"मी अशी कधीपासून दिसते?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी कशाला लक्ष ठेवतोय," तो म्हणाला.

डोळ्यात थेंब घालायचे आणि जपायचे दिवस संपले, तशी ती कामाला बसली. एका वकिलाचा काळा कोट आला होता, बाहीवर मटाराएवढं भोक. तिने सवयीने कापड उचलून नाकाशी नेलं आणि तिथे काही नव्हतं. म्हणजे कोट होता, पण नुसता काळा धूर. कापड लांब नेत गेली तसं ते हळूहळू जुळत आलं आणि दोन वितींवर स्पष्ट झालं. स्पष्ट, पण लहान. इतकी वर्षं ती एकेका धाग्यापाशी जाऊन त्याला भेटून यायची. आता समोर एक गुळगुळीत काळी बाही होती, कुणालाही दिसते तशी. सगळ्यांना दिसतं तेवढंच तिला दिसायला लागलं होतं, आणि तिने ते हट्टाने मागून घेतलं होतं.

तिने टेबलाला लावायचं भिंग आणवलं. त्यातून कापड मोठं झालं, पण काळ्यातून काळं काही सुटून येईना. दिवा जवळ ओढला तर सगळ्यावर राखाडी झाक यायची. उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं तर जुनी नजर होती, पण सायीच्या पडद्यामागे, आणि तोही पडदा महिन्या-महिन्याला घट्ट होत चाललेला. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर डोकं गरगरायचं. जे काम ती एका दुपारी हातावेगळं करायची, त्याला तीन दिवस लागले. तीन दिवस समोर बसून धाकटी एका स्वेटरचा कोपर विणत होती, उसवत होती आणि पुन्हा विणत होती.

वकील आला. थोरलीने खाली जाऊन कोट पुढे टाकला. "शोधा," ती म्हणाली, पण हळू.

त्याने उजेडाशी जायचीही तसदी घेतली नाही. काउंटरवर कोट पसरला आणि बोट नेमकं तिथेच ठेवलं. "हे ना?"

"द्या, पुन्हा करून देते."

"राहू द्या. चालेल," वकील म्हणाला. भला माणूस होता. चालेल हा शब्द माणसाला किती लागतो, हे थोरलीला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

त्या संध्याकाळी ती वर येऊन खिडकीशी उभी राहिली. रस्त्यावरचे दिवे लागत होते आणि एकेका दिव्याभोवती दोन-दोन, तीन-तीन कडी उमटत होती. धाकटी पसारा आवरत होती.

"तुला दिव्यांभोवती कडी दिसतात?" थोरलीने विचारलं.

"दिसतात."

"कधीपासून?"

"पट्टी काढली तेव्हापासून. आता सवय झालीय."

"आणि काळं?"

धाकटीने रिळं डब्यात टाकली, झाकण लावलं, पुन्हा काढलं. "काळं मला आधीही धड दिसत नव्हतं, जाऊबाई. आता तर विचारूच नका. उगाच का तुमच्याकडे सरकवत होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी होतं जे तुमच्याकडे नव्हतं. तुमच्या पोटात दुखत होतं. मला दिसत होतं ना. बादलीपेक्षा स्वच्छ दिसत होतं."

"गंमत वाटत होती?"

"हो," धाकटी म्हणाली. "वाटत होती."

थोरलीने टेबलावरची मोठी कात्री उचलून खणात ठेवली. ती हाताशी नसलेली बरी, असं तिला वाटलं. "डॉक्टरीणबाईंनी काम विचारलं, तेव्हा तू शेजारी बसली होतीस."

"होते. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. मग म्हटलं, बसवू दे. एकदा तरी दोघी सारख्या होऊ." धाकटी खुर्चीत बसली. "एकतीस वर्षं मी समोर बसून तुमच्याकडे बघतेय. तुम्ही चष्मा काढून कापड वर उचललं, की मला वाटायचं, या बाईला देवाने चार डोळे दिलेत आणि मला एकही धड नाही. एखाद्या दिवशी नाही, जाऊबाई. रोज."

खोटं कशाला बोला, थोरलीला राग आला, पण त्याच्या आधी तिला बरं वाटलं. एकतीस वर्षं कुणीतरी आपल्यावर जळत होतं, आणि ते कळायला इतका उशीर झाला याचीच तिला जरा हळहळ वाटली. मग राग आला, आणि आला तो चांगला भरपूर आला.

"तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तू काय काम सांगितलंस?"

"मी कुठे सांगितलं? कागद ह्यांनी भरला. घरकाम लिहिलं. मला विचारलं असतं तरी काय सांगणार होते? रफू तुम्ही करता. मी आपली हाताखाली."

थोरली दिवा न मालवता निघून गेली. त्यानंतर आठ दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्याच टेबलाशी बसून, अडीच हातांवरून न बोलणं हे सोपं काम नाही, पण दोघींचा सराव चांगला होता. काळे कोट तोवर खालीच हँगरवर लटकत राहिले. नवऱ्याने गिऱ्हाइकांना "बाईंना बरं नाही" असं सांगायला सुरुवात केली, आणि ते जिन्यातून ऐकू यायचं. डावा डोळा हाच आता एक उरला होता. त्यातही तेच भिंग बसलं, की भिंगबाई संपली. हे तिला कळत होतं, आणि डॉक्टरीणबाईंपुढे आपण खोटं बोललो हे कबूल करायला लागणार, तेही कळत होतं. पहिल्यापेक्षा दुसऱ्याची तिला जास्त धास्ती होती. माणूस असंच असतं.

डाव्या डोळ्याच्या तपासणीच्या दिवशी सकाळी धाकटी पिशवी घेऊन जिन्याशी उभी होती. येऊ नकोस म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं आणि बोलायचं नाही हे तर ठरलेलं, त्यामुळे थोरली मुकाट्याने चालू लागली. दवाखान्यातल्या बाकावर दोघी मध्ये पिशवी ठेवून बसल्या.

"जाऊबाई, डावाही तसाच करणार?" अखेर धाकटीनेच विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"करा तसाच." धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत होती. "म्हणजे मी एकदाची तुमच्याकडे बघायची सुटेन. खरं सांगतेय. मनात आहे ते सांगतेय."

"नाही करणार."

"ठाऊक होतं," धाकटी म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेतली.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा तपासला, कागद पुढे घेतला आणि म्हणाल्या, "दोन डोळ्यांत इतका फरक फार दिवस ठेवता येत नाही, तेव्हा हा लवकर करू. उजव्यासारखंच भिंग ना? उजवा कसा वाटतोय?"

थोरलीने तोंड उघडलं. चांगला आहे, एवढेच शब्द बाहेर आले. आपल्याहून निम्म्या वयाच्या बाईपुढे, आणि तेही या धाकटीसमोर, मी लबाडी केली म्हणून कसं सांगायचं? तिने उगाच पदर सारखा केला.

"चांगला नाहीये," धाकटी म्हणाली. "त्या घरी नसतात. मागच्या वेळी खोटं सांगितलं त्यांनी, आणि मी ऐकून घेतलं. रफू करतात त्या. काळ्यावर काळं." ती थांबली. दाढ उपटून घेताना माणूस जसं तोंड करतं तसं तिने केलं आणि उरलेलं बोलली. "त्यांच्या तोडीचं काम करणारं दुसरं कुणी मी तरी पाहिलं नाही. त्यांना त्यांचा डोळा द्या."

डॉक्टरीणबाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग त्यांनी न रागावता समजावून सांगितलं. डाव्यात एकाच अंतराचं भिंग घालता येईल, वीत-सव्वा वितीवरचं. सगळा उजेड त्याच अंतरावर येईल, म्हणजे काळ्यातलं काळंही वेगळं निघेल. पूर्वीसारखं नाकाशी मात्र दिसणार नाही. दोन डोळे दोन तऱ्हांचे झाले की मेंदूला जुळवून घ्यावं लागतं, कुणाला जमतं, कुणाला जमत नाही. उजव्याचं पुढे बघू. एवढं सांगून त्यांनी कागदावरचं 'घरीच' खोडलं आणि त्यावर 'रफू' असं लिहिलं.

थोरली त्या पेनाकडे बघत होती. डोळा वाचला याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, पण त्याच्याही आत काहीतरी खुपत होतं. एवढ्या वर्षांत आपण हिच्याबद्दल असं एक वाक्य कुणापुढे बोललो नाही. हिला ते बोलताना जीव जड झाला, दिसत होतं, तरी बोलली. म्हणजे इथेही बया पुढे गेली. थोरलीला तिचा असा हेवा वाटला, की त्यापुढे बादलीचा हेवा काहीच नव्हता.

"हिचाही कागद काढा," ती एकदम म्हणाली.

"यांचा?" डॉक्टरीणबाईंना कळेना. "यांचे तर दोन्ही डोळे झालेत. आता त्यात काही बदलण्यासारखं नाही."

"डोळ्यांचं नाही म्हणत मी. कामाचं म्हणतेय. घरकाम लिहिलंय तिथे. ते खोडा आणि रफू लिहा."

"जाऊबाई, राहू द्या," धाकटी म्हणाली. "आता लिहून काय उपयोग?"

"तू मध्ये बोलू नकोस," थोरली म्हणाली. "एकतीस वर्षं करतेय ही. चांगलं करते. लिहा तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी बाहेर हाक मारून जुना कागद शोधायला सांगितलं. तो सापडायला बराच वेळ लागला, बाहेर माणसं ताटकळली होती, आणि थोरली खुर्चीवरून उठली नाही.